कुलूप गिऱ्हाइकाला, किल्ली चोराला

मागच्या रविवारी माळा आवरायला काढला. (काढायला लावला असं म्हणणं जास्त खरं होईल, पण असो.) जुन्या वायरींचं भेंडोळं, दोन मेलेले माऊस, एक मॉडेम आणि सगळ्यात खाली एका गेमचा जाडजूड पुठ्ठ्याचा खोका. आत सीडी, छापील पुस्तिका, सगळं जागच्या जागी. नोकरीच्या सुरुवातीच्या पगारातून घेतलेला. त्या वेळी आमच्या ग्रुपमध्ये ओरिजिनल गेम विकत घेणारा मी एकटाच. बाकीचे लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून आणायचे, तेही एका सीडीत चार-चार गेम. माझ्या खोक्याकडे बघून मित्र म्हणाला होता, "येडा आहेस का बे तू?"

पुतण्या शेजारी उभा होता. म्हणाला, "काका, लाव ना!" लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मित्राकडून मागून आणला. सीडीवर एक ओरखडा नाही. इन्स्टॉल झाला. चालू केला आणि मेसेज आला: कृपया ओरिजिनल सीडी टाका.

अरे बाबा, ओरिजिनलच आहे! तू तिच्यावरूनच आत्ता इन्स्टॉल झालास ना?

तासभर डोकं खाजवल्यावर सोमवारी रात्री मी काय केलं ते शेवटी सांगतो. पण त्या निमित्ताने गेम्सच्या या कुलपांचा इतिहास डोक्यात घोळायला लागला. विषय जुना आणि मोठा गमतीशीर आहे, आणि आपल्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्यांनी थोडं ओशाळावं असाही आहे.

*

सुरुवात ॲपल टू पासून करू. १९७८ साली स्टीव्ह वॉझ्नियाकने या मशीनसाठी जो फ्लॉपी ड्राइव्ह बनवला, त्यात हार्डवेअर अगदी कमी होतं. डिस्कवर बिट कसे लिहायचे, कसे वाचायचे, हे बहुतेक सगळं सॉफ्टवेअरच ठरवायचं. त्यामुळे ड्राइव्ह स्वस्त झाला आणि गेमवाल्यांना एक आयतं हत्यार मिळालं. डिस्क कशी लिहायची हे जर माझाच प्रोग्रॅम ठरवणार असेल, तर मी ती अशी लिहीन की नेहमीच्या कॉपी प्रोग्रॅमला ती वाचताच येणार नाही!

मग काय, एकेकाने डोकी लढवली. कुणी दोन ट्रॅकच्या मधल्या जागेत डेटा लिहिला, कुणी सेक्टरच्या खुणा बदलल्या. ब्रॉडरबंड या कंपनीसाठी रोलंड गुस्ताफसन नावाच्या प्रोग्रॅमरने स्वतःची वेगळीच पद्धत काढली. एका ट्रॅकवर सोळा सेक्टर बसतात तिथे तो अठरा सेक्टरांइतका डेटा बसवायचा. म्हणजे जागाही वाढली आणि कुलूपही लागलं. इंजिनिअर म्हणून सांगतो, हे काम बघून हात जोडावेसे वाटतात.

पण लगेच दुसऱ्या बाजूनेही डोकी लढली. लॉकस्मिथसारखे कॉपी प्रोग्रॅम आले. ते फॉरमॅटच्या भानगडीत न पडता डिस्कवरचे बिट जसेच्या तसे उचलायचे. आणि असे प्रोग्रॅम विकत घेणाऱ्यांत सगळे काही चोर नव्हते. फ्लॉपी ही नाजूक वस्तू. चहा सांडला, चुंबक जवळ आलं, बुरशी धरली की संपली. पैसे देऊन घेतलेल्या गेमची एक जादा प्रत कपाटात ठेवावी, एवढीच बऱ्याच जणांची इच्छा. पण कुलपाला सज्जन आणि चोर यांतला फरक कळत नाही. हा दोष पहिल्या दिवसापासून होता आणि पुढे तो फक्त वाढत गेला.

*

डिस्क वाचवता येत नाही म्हटल्यावर कंपन्यांनी कागदाचा आधार घेतला. फ्लॉपी दोन मिनिटांत कॉपी होते, पण पन्नास पानी पुस्तिका कोण झेरॉक्स करत बसणार?

यातलं आपल्या पिढीला पाठ असलेलं उदाहरण म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेक्नरचा हा गेम १९८९ साली ॲपल टू वर आला आणि पुढच्या वर्षी डॉसवर. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासच्या ३८६ मशीनवर बाकी काही असो नसो, प्रिन्स असायचाच. सर बाहेर गेले की डॉसच्या कमांडी बंद, राजकन्येला साठ मिनिटांत सोडवायची मोहीम सुरू. आणि सुरुवातीलाच ती बाटल्यांची खोली! प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या तमुक ओळीतल्या अमक्या शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर, तीच प्यायची. दुसरी प्यायली की विष.

पुस्तिका? कसली पुस्तिका? आम्हाला अशी काही वस्तू असते हेच माहीत नव्हतं. फ्लॉपी कुणाच्या तरी मामाच्या ऑफिसातून आलेली. आम्ही आपलं देवाचं नाव घेऊन बाटली प्यायचो. मला कित्येक वर्षं वाटायचं की तो गेममधलाच एक जुगार आहे. आपण चोरीचा माल खेळतोय आणि ही खोली आपल्यासारख्यांसाठीच बांधलीय, हे कॉलेजात गेल्यावर कळलं :)

पुस्तिकेची झेरॉक्स होते हे कंपन्यांच्या लक्षात आल्यावर सिमसिटीने (१९८९) गडद लाल कागदावर तक्ता छापला, म्हणजे झेरॉक्स काळी यावी. ती झेरॉक्स मशीनला वाचता येत नव्हती हे खरं, पण पिवळ्या बल्बच्या उजेडात माणसालाही धड वाचता येत नव्हती. मंकी आयलंडने (१९९०) पुठ्ठ्याच्या दोन चकत्या दिल्या. त्या फिरवून समुद्री चाच्याच्या चेहऱ्याचा वरचा आणि खालचा अर्धा भाग जुळवायचा आणि खिडकीत दिसणारं साल टाइप करायचं. ही त्यातल्या त्यात गोड कल्पना. चकती गेमच्याच गोष्टीत बसते, त्यामुळे राग येत नाही. तरी चकती हरवली की गेम गेला.

पण कहर केला तो लेन्सलॉकने. १९८५ साली इंग्लंडात एलीट हा गाजलेला गेम स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर आला, त्याच्या खोक्यात प्लास्टिकची एक घडीची भिंग-पट्टी होती. पडद्यावर दोन अक्षरं चिरफाळून दाखवायची, ती या भिंगातून बघितली की सरळ दिसायची. आता हे कॉम्प्युटर जोडलेले असायचे घरच्या टीव्हीला आणि घरोघरी टीव्हीचा आकार वेगळा. भिंग धरून आधी माप जुळवायचं. टीव्ही फार मोठा किंवा फार छोटा असला की अक्षरं जुळायचीच नाहीत. त्यात एलीटच्या काही खोक्यांमध्ये चुकून दुसऱ्याच गेमची भिंगं गेली! म्हणजे दुकानात जाऊन, रांगेत उभं राहून, पैसे मोजून घरी आणलेला गेम खेळता येत नाही. आणि ज्याने मित्राकडून कुलूप काढलेली कॅसेट आणली, तो केव्हाच अंतराळात.

*

इथे थोडं थांबून दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल.

चोरी खरी होती आणि आहे. २०१३ साली ग्रीनहार्ट गेम्स या चिमुकल्या कंपनीने गेम डेव्ह टायकून हा गेम काढला. विषयच गेम कंपनी चालवण्याचा. त्यांनी गंमत म्हणून एक बिघडवलेली प्रत स्वतःच टॉरेंटवर टाकली. त्या प्रतीत थोडं पुढे गेलं की तुमच्या खेळातल्या कंपनीचे गेम लोक चोरायला लागतात आणि तुमचं दिवाळं निघतं. पहिल्या दिवसाचा हिशोब त्यांनी जाहीर केला. खेळणाऱ्यांपैकी ९३.६ टक्के लोक चोरीच्या प्रतीवर, विकत घेणारे २१४. वर हेच चोर इंटरनेटवर विचारत होते की गेममध्ये चोरी थांबवायचा काही उपाय आहे का! हसू येतं, पण त्या दोन भावांच्या जागी आपण असतो तर?

टायटन क्वेस्टची (२००६) कथा याहून कडू. चोरीच्या प्रतीत कुलपाची तपासणी फसली की गेम ठरावीक जागी बंद पडायचा. चोरांनी बोंब ठोकली की गेमच भिकार आहे, सारखा क्रॅश होतो. बदनामी झाली ती गेमची. बनवणारी आयर्न लोअर ही कंपनी २००८ मध्ये बंद पडली. कारणं अनेक असतील, पण चोर काय बोलतोय यानेही मालकाचं नुकसान होतं, हे त्यातून दिसलं.

तेव्हा कुलूप लावावंसं का वाटतं, हे मला चांगलं कळतं. फार चांगलं कळतं, कारण मी स्वतः एक लावलेलं आहे.

पहिल्या नोकरीत आमचं उत्पादन म्हणजे व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर. साहेबांनी सांगितलं, कॉपी होता कामा नये. मी हार्ड डिस्कचा नंबर वाचून त्यावरून किल्ली बनवणारा कोड लिहिला. आठवडाभर खपलो आणि स्वतःवर जाम खूश होतो. मार्चअखेरीला एका तालुक्याच्या गावातून एका अडत दुकानदाराचा फोन आला. हार्ड डिस्क बदलली, आता प्रोग्रॅम उघडत नाही, वर्षाचा हिशोब आत अडकलाय. आमच्याकडे किल्ल्या देणारा माणूस रजेवर. तीन दिवस ते शेठ रोज फोन करत होते. तिसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाले, "साहेब, बाजूच्या गाळ्यात तुमचंच सॉफ्टवेअर आहे, चोरीचं. त्याचा हिशोब काल पूर्ण झाला. पैसे भरले ते मीच चुकलो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सपोर्टचे सगळे फोन पैसे भरलेल्यांचेच येतात, चोराला तर माझं कुलूप दिसतही नाही, कारण त्याच्या हातात प्रत येते तीच कुलूप काढलेली. एवढी साधी गोष्ट मला ते लिहिताना सुचली नव्हती.

*

परत गेम्सकडे. सीडी आली तेव्हा कंपन्या काही वर्षं निवांत होत्या. साडेसहाशे एमबीची कॉपी ठेवायची कुठे? मग सीडी रायटर स्वस्त झाले आणि १९९८च्या आसपास सेफडिस्क, सिक्युरॉम असली कुलपं आली. सेफडिस्कची युक्ती म्हणजे सीडीवर मुद्दाम खराब केलेले सेक्टर ठेवायचे. कॉपी करताना सॉफ्टवेअर बिचारं ते दुरुस्त करून लिहितं किंवा अडून बसतं, आणि गेम तपासतो की खराबी जागेवर आहे का. खराबी नसेल तर सीडी नकली!

हे तपासायला त्यांना विंडोजच्या अगदी गाभ्यात एक ड्रायव्हर बसवावा लागायचा. २००७ मध्ये त्या ड्रायव्हरमध्येच सुरक्षेचं भोक सापडलं. ते बुजवलं गेलं, पण मायक्रोसॉफ्टचा त्यावरचा विश्वास उडाला असावा. २०१५ मध्ये विंडोज १० आलं त्यात सेफडिस्कला जागाच नव्हती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या एका सुरक्षा अपडेटने जुन्या विंडोजवरही हा ड्रायव्हर बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय बरोबर. पण त्या दिवशी जगभरातल्या कपाटांत ठेवलेल्या असंख्य अस्सल सीडी एका फटक्यात निकामी झाल्या. क्रॅक केलेल्या प्रती मात्र चालूच राहिल्या.

यातला सगळ्यात धमाल किस्सा २००८चा. युबिसॉफ्टच्या रेनबो सिक्स व्हेगास २ या गेमला एक अपडेट आलं आणि ज्यांनी तो गेम डाऊनलोड करून विकत घेतला होता, त्यांच्याकडे तो सीडी मागायला लागला. सीडी आणायची कुठून? लोकांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीतर्फे दुरुस्तीची फाइल आली. कुणीतरी ती उघडून आतले बाइट बघितले तर त्यात रीलोडेड या क्रॅक करणाऱ्या टोळीचं नाव! म्हणजे स्वतःच्या कुलपाची किल्ली कंपनीने चोराकडून आणून गिऱ्हाइकाला दिली. सोर्स कोड ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे करावं... काय बोलणार!

त्याच वर्षी स्पोअर आला. तीनच कॉम्प्युटरवर चालू करता येणार, पुढे कंपनीला फोन करा. हजारो लोकांनी ॲमेझॉनवर एक तारा देऊन राग काढला. आणि वर्षअखेरीला टॉरेंटफ्रीकने मोजदाद केली तेव्हा त्या वर्षी सगळ्यात जास्त चोरला गेलेला गेम हाच निघाला, सुमारे १७ लाख डाऊनलोड. बड्या कंपनीने इतकं मजबूत कुलूप लावून हे फळ.

मग आलं कायम ऑनलाइन. असॅसिन्स क्रीड २ (कॉम्प्युटरवर मार्च २०१०) एकट्याने खेळायचा गेम, पण इंटरनेट तुटलं की खेळ थांबणार. आल्यानंतर पहिल्याच रविवारी सर्व्हर बसले आणि विकत घेतलेले लोक सुट्टीच्या दिवशी पडद्याकडे बघत बसले. तेव्हाचं आपलं इंटरनेट आठवा. पहिला पाऊस पडला की तारेत पाणी, आणि उन्हाळ्यात लोडशेडिंग. हा नियम ज्यांनी केला त्यांनी आपल्यासारख्यांचा विचारच केला नसणार. २०१३ मध्ये नव्या सिमसिटीने तेच केलं. सर्व्हर दिवसचे दिवस कोलमडलेले, आणि कंपनीचं म्हणणं काय, तर हा गेम सर्व्हरशिवाय चालूच शकत नाही. एका हौशी माणसाने थोडा कोड बदलून चालवून दाखवला. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच ऑफलाइन सोय दिली.

*

मग यावर उपाय काय? दोन उदाहरणं मला पटतात.

एक पोलंडचं. मार्चिन इव्हिन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की हे दोघं तरुण वॉर्साच्या कॉम्प्युटर बाजारात गेम विकायचे. तिथला बाजार म्हणजे आपला लॅमिंग्टन रोडच, चोरीचा माल ढिगाने. १९९४ मध्ये त्यांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. १९९९ मध्ये बॉल्डर्स गेट आणताना त्यांनी चोराशी कुलपाने भांडायचं टाळलं. गेम पोलिश भाषेत आणला, खोक्यात पाच सीड्या, नकाशा, जाडजूड पुस्तिका घातली. चोराकडे पाच सीड्यांचे पैसे मोजून हे काही मिळणार नव्हतं. लोकांनी उड्या मारून घेतला. पुढे २००८ मध्ये याच कंपनीने जुने गेम कुलूप न लावता विकणारं गॉग हे दुकान काढलं.

दुसरं स्टीमचं. स्टीमचे गेब न्यूएल २०११ मध्ये म्हणाले होते की चोरी हा बहुतेक वेळा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असतो. आपल्याकडे हे मी डोळ्यांनी पाहिलं. २०१५च्या शेवटी स्टीमवर रुपयांत किमती आल्या, आणि आयुष्यात कधी ओरिजिनल न घेतलेले माझे मित्र सेलची वाट बघायला लागले. तोच तो "येडा आहेस का" वाला आता वर्षाला दहा गेम घेतो आणि त्यातले दोन खेळतो.

पण इथेही एक मेख आहे. स्टीमवर आपण गेम विकत घेत नाही, खेळण्याचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच झालाय की दुकानाने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. आणि परवाना म्हणजे काय ते द क्रू या गेमने दाखवलं. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले, आणि ज्यांनी दहा वर्षांत तो घेतला होता त्या सगळ्यांचा गेम गेला, एकट्याने खेळणाऱ्यांचासुद्धा. त्यातून रॉस स्कॉट यांनी गेम मारू नका ही मोहीम सुरू केली. युरोपातल्या त्यांच्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या जमल्या.

*

मला यात सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट पैशांची नाही. ॲपल टू च्या काळातल्या फ्लॉप्या आता मरताहेत. चुंबकीय थर झडतो, बुरशी लागते. कुलूप लावलेल्या डिस्कची साधी प्रत काढता येत नाही, म्हणजे ती गेली की गेली. टोपणनावाने काम करणारा ४ॲम हा एक माणूस गेली कित्येक वर्षं एकेक जुनी डिस्क घेऊन, तिचं कुलूप काळजीपूर्वक काढून, ते कसं काढलं याची टिपणं लिहून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवतोय. १९८० च्या दशकात ज्याला चोर म्हटलं असतं तोच आज ग्रंथपालाचं काम करतोय. अमेरिकेत कॉपीराइट कार्यालयाला २००३ पासून जुन्या, कालबाह्य गेम्सच्या जतनासाठी कुलूप तोडायला सूट द्यावी लागली, आणि २०१५ मध्ये सर्व्हर सोडून दिलेल्या गेम्सनाही. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं. त्यात कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण हक्क बुडवण्याचा इरादा असेल तर.

प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ सोर्स कोडही असाच हरवलेला होता. २०१२ मध्ये मेक्नरच्या वडिलांना घरात जुन्या डिस्कांचा खोका सापडला, त्यात तो निघाला. जाणकार माणसं मशीन घेऊन आली, डिस्क वाचल्या, आणि कोड सगळ्यांसाठी खुला झाला. खोका सापडला नसता तर? मग जगाकडे उरल्या असत्या त्या फक्त आमच्या मामाच्या ऑफिसातून आलेल्यासारख्या फ्लॉप्या.

असो. तर सोमवारी रात्री मी काय केलं? स्वतःच्या, पैसे मोजून घेतलेल्या, बिलासकट जपलेल्या गेमसाठी क्रॅक शोधला. दहा मिनिटांत मिळाला. आधी व्हायरस तपासला, मग फाइल बदलली, आणि गेम उघडला. क्रॅकबरोबर आलेल्या छोट्या फाइलमध्ये त्या टोळीने लिहिलं होतं की गेम आवडला तर विकत घ्या. मी माळ्यावरच्या खोक्याकडे बघितलं. घेतलाय रे बाबांनो, केव्हाच घेतलाय.

पुतण्या अर्धा तास खेळला आणि म्हणाला, "काका, ग्राफिक्स भंगार आहेत." ते एक असोच.

त्या शेठना मात्र एकदा फोन करून माफी मागायची राहून गेली. नंबर माझ्याकडे नाही, आणि ते सॉफ्टवेअरही केव्हाच बंद झालं. त्यांचा तेव्हाचा हिशोब आज कुणाला उघडायचा असेल, तर माझं कुलूप अजून तिथेच असेल.